चेंडू टाकणारा हात : पालवणकर बाळूंची कारकीर्द

भीमजयंतीच्या तयारीची आमच्या वाडीतली सभा यंदा एका चषकाच्या नावावर अडली. अलोऱ्यात जयंतीनिमित्त टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा होतात. कोकणातल्या बहुतेक बौद्धवाड्यांत त्या होतातच. वाडीतल्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांनी सुचवले की या वर्षी चषकाला 'पालवणकर बाळू चषक' असे नाव द्यावे. भारतीय क्रिकेटमधला पहिला मोठा गोलंदाज दलित होता, आणि त्याचे मूळ गाव आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात आहे, हे त्यांना कुठेतरी वाचायला मिळाले होते.

आमचे एक जुने कार्यकर्ते उठले आणि म्हणाले, "सदतीस साली जो बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीला उभा राहिला, त्याचे नाव बाबासाहेबांच्या जयंतीच्या चषकाला?" सभा गप्प झाली. मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच पुरवणी जोडली, "आणि शिवाय तो चांभार." यावर त्या मुलांपैकी एकजण रागाने म्हणाला, "पण खेळाने जात मोडते, हेच तर आम्हांला दाखवायचे आहे!"

मी इतिहासाचा शिक्षक. आता निवृत्त आहे. माझ्याकडे सगळे पाहू लागले. मला या तिघांपैकी एकाचेही म्हणणे पूर्णपणे मान्य करता येईना. पहिल्याच्या बोलण्यात तथ्य होते, पण ते अर्धे होते. दुसऱ्याचे ऐकून लाज वाटली. आणि तिसऱ्याचे, म्हणजे त्या तरुण मुलाचे, मला सर्वांत जास्त खटकले. कारण ते वरवर सर्वांत पुरोगामी वाटते. खेळाने जात मोडते काय? की खेळाच्या मैदानावर जात आपली जागा नुसती बदलून घेते? या एका प्रश्नासाठी बाळूंची कारकीर्द तपासून पाहावी, म्हणून हे टिपण लिहीत आहे.

पालवणकर म्हणजे पालवणचे. आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, पण शाळेत नाव लागले ते आंबडवे या गावावरून. आंबडवे मंडणगड तालुक्यातले. दोन्ही घराणी याच जिल्ह्यातली, दोन्ही घरांतले वडील लष्कराच्या नोकरीत, आणि दोघांचाही जन्म जिल्ह्याबाहेर. बाळूंचा धारवाडला १८७६ साली, भीमरावांचा महूला १८९१ साली. हा योगायोग नव्हे. कोकणातल्या अस्पृश्याला गावात भाकर नव्हती आणि मान तर नव्हताच; पलटणीत निदान पगार होता. इंग्रजांच्या छावणीने ज्या थोड्या घरांना गावकुसाबाहेरून उचलले, त्यांतल्या एका घराने आपल्याला शास्ता दिला आणि दुसऱ्याने गोलंदाज. बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम हे पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंनी खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रूळ फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये. जाळी लावायची, रूळ ओढायचा, खेळपट्टी आखायची, आणि साहेबांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा कॅप्टन हा त्या काळातला हिंदुस्थानातला नामांकित इंग्रज फलंदाज. तो रोज इतर सभासदांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, अशी कथा आहे. चार रुपये पगारात आठ आण्यांची किंमत काय होती ते वाचकांनी ताडावे.

डाव्या हाताने मंदगतीने चेंडू टाकणारा, चेंडूला दोन्हीकडे वळवणारा हा तरुण या जाळीत घडला. पण एक गोष्ट इथेच टिपून ठेवली पाहिजे. शेकडो तास ज्याने साहेबांना चेंडू टाकले, त्याच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे मालकाचे काम. गोलंदाजी हे राबणाऱ्याचे. ऊन, घाम, पुन्हा पुन्हा तीच धाव, तोच हात फिरवणे, आणि समोरचा चेंडू मारून मोकळा. विलायतेतही जुन्या काळी हीच रीत होती : फलंदाज बहुधा हौशी सरदार, गोलंदाज बहुधा पगारी कामगार. ती तिथे वर्गाची रीत होती. आपल्याकडे येताच तिला वर्णाचे अस्तर लागले.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. बाळूंच्या गोलंदाजीची कीर्ती त्यांच्या कानी आली आणि पेच पडला. घ्यावे तर बाट, न घ्यावे तर हार. क्लबात वाद झाला. संघातले काही तेलुगू सभासद अनुकूल होते, पुण्याचे ब्राह्मण सभासद नाखूष होते. शेवटी घ्यायचे ठरले. जिंकण्याची भूक बाटाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली.

परंतु कोणत्या अटींवर? मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेली, क्षेत्ररक्षक अडवीत, परत त्यांच्या हाती फेकीत. चहाच्या वेळी मात्र उच्चवर्णीय खेळाडू मंडपात पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे. जेवण वेगळ्या थाळीत, वेगळ्या जागी. तोंड धुवायचे झाले तर एखादा अस्पृश्य गडी कोपऱ्यात पाणी घेऊन येई.

क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो. दिवसभर ते चामडे अकरा जणांच्या हातांतून फिरत होते, ब्राह्मणाच्या हातातून चांभाराच्या, चांभाराच्या हातातून पुन्हा ब्राह्मणाच्या. आणि कोणाचा धर्म बुडत नव्हता. पाण्याने मात्र तत्काळ बुडत होता. अस्पृश्यता ही घाणीची, स्वच्छतेची वा चामड्याची गोष्ट आहे असे जे सांगतात त्यांना हे एक दृश्य पुरेसे आहे. स्पर्श त्यांना चालत होता. जो स्पर्श उपयोगाचा तो चालत होता. जो स्पर्श बरोबरीचा तो चालत नव्हता.

बाळूंच्या जोरावर पुणेकर हिंदूंनी सामने जिंकले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्धचा विजय विशेष गाजला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर बरेच दिवस रूळ फिरवून ठेवला होता, तरी बाळूंनी निम्म्याहून अधिक संघ बाद केला. यानंतरच्या सत्कारात न्यायमूर्ती रानडे यांनी संघाला चार शब्द सुनावले : ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर तुम्ही खाल्ले-प्यायले पाहिजे. रानड्यांचे हे बोलणे मोलाचेच. पण वाचताना माझे लक्ष दुसरीकडे जाते. सत्कार कोणाचा, उपदेश कोणाला आणि उपदेश कशाबद्दल? खेळपट्टी झाडणारा माणूस सामना जिंकून देतो, आणि त्याला पेल्यातून चहा द्यावा की नाही यावर विद्वानांना भाषण करावे लागते.

पुढे पुण्यात प्लेग आला. बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तिथेही काही सभासदांची कुरकुर झाली, ती कर्णधार कीर्तिकरांनी शमवली. १९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. वंगभंगानंतरचे, स्वदेशीच्या चळवळीचे दिवस. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. बाळूंचे दोन्ही डावांत मिळून आठ बळी. शिवरामही संघात होते. त्यानंतर समाजसुधारकांच्या पत्रांतून असे लिहिले गेले की हा विजय उदारपणाला आलेले फळ आहे. संघाने जात बाजूला ठेवली म्हणून देश जिंकला. १९०७ मध्ये पुन्हा विजय झाला. मुंबईत आता बाळू जिमखान्यात इतरांबरोबर जेवूही लागले.

इथे त्या मुलाचे म्हणणे खरे ठरते असे वाटेल. कुल्हडापासून पंगतीपर्यंत दहा-बारा वर्षांत मजल गेली, ही लहान गोष्ट नव्हे. मी ती नाकारीत नाही. पण पुढे पाहू.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. का, तर ते महाराज होते म्हणून. त्यांचे लक्ष खेळापेक्षा दरबारी मेजवान्यांत अधिक. संघ बहुतेक सामने हरला. त्या हरणाऱ्या संघात बाळूंनी सगळे मिळून ११४ बळी घेतले, सरासरी एकोणीसच्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लेस्टरशायरवर विजय मिळाला, मग सॉमरसेटवर. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक काढले. पस्तिशीतला माणूस, दुखऱ्या खांद्याने, परक्या थंडीत महिनोन्‌महिने चेंडू टाकत राहिला. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१ : ही त्यांची एकूण नोंद. आज आकडे पाठ करणाऱ्या आमच्या पोरांना हे आकडे कोणी शिकवले नाहीत.

परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातल्या मानपत्रामागे भीमराव आंबेडकर नावाचा वीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी होता, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्याच्या अगदी आरंभी हा गोलंदाज उभा आहे. आमच्या जुन्या कार्यकर्त्यांनी सदतीस साल लक्षात ठेवले, अकरा साल विसरले.

आता कर्णधारपदाची गोष्ट. खरी परीक्षा इथे आहे.

युरोपियन, पारशी, हिंदू यांचे तिरंगी सामने १९१२ पासून मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी झाले. हिंदूंच्या संघात बाळू सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी. तरीही वर्षानुवर्षे कर्णधार दुसराच. एम. डी. पै हे सारस्वत गृहस्थ कर्णधार झाले तेव्हा त्यांनीच एका समारंभात मोकळेपणाने सांगितले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. पैंचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. पण मान काही बाळूंना मिळाला नाही. मान्य करणे आणि देणे यांत मोठे अंतर असते, आणि आपला समाज ते अंतर फार सुखाने सहन करतो.

१९२० साली पै आजारी पडले. कर्णधारपद बाळूंकडे येणार, असे कोणालाही वाटले असते. निवड समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांना कर्णधार केले आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि का काढून घेतले ते जाहीर पत्रक काढून सांगितले. आपल्याला केवळ जातीमुळे डावलले जाते, आणि हा अपमान आम्ही सोसणार नाही, असा त्याचा आशय होता. हे १९२० साल आहे हे लक्षात घ्यावे. महाडच्या सात वर्षे आधी दोन दलित खेळाडू असहकार पुकारतात. देशभर असहकाराची हवा होतीच. पण तिचा वारा घेऊन हिंदूंच्याच संघाविरुद्ध शीड उभारणारे हे दोघेच. लोकमत त्यांच्या बाजूने गेले. पुढच्या सामन्यात पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, भाऊ परत आले. आणि सामना चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून गेले. तेवढा वेळ सूत्रे बाळूंच्या हाती होती.

तेवढा वेळ! चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला, ज्याने पिढीभर संघ जिंकवला त्याला, उसनी मिळालेली ही काही षटकांची सत्ता. ती सौजन्याने दिली गेली म्हणून तिचे कौतुक करावे, की उसनी होती म्हणून विषाद मानावा? मला दुसरेच जवळचे वाटते.

विठ्ठलची गोष्ट वेगळी झाली. तो या भावांतला फलंदाज. थोरल्याला जी बॅट मिळाली नव्हती ती या धाकट्याने हाती घेतली. १९२३ मध्ये तो हिंदूंचा कर्णधार झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळे कागदावर खुले केले. आणि १९२७ च्या मार्चमध्ये, त्याच तळ्याचे पाणी आमचे लोक प्यायले तेव्हा काय झाले ते या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगायला नको. विठ्ठलला खांद्यावर घेतले गेले ते मुंबईत. चार वर्षांनी डोकी फुटली ती महाडात. एकच हिंदू समाज या दोन्ही गोष्टी करू शकतो. कारण खांद्यावर एक माणूस घ्यायचा असतो, आणि तळ्यावर सगळे येतात.

इथे थोडे दूर जावे लागेल, थेट अमेरिकेत. बाहत्तर साली दलित पँथरने आपले नाव तिकडच्या काळ्या तरुणांवरून घेतले, आणि आपल्या नियतकालिकांनी कृष्णवर्णीयांच्या कविता-कादंबऱ्यांची नाती आपल्या साहित्याशी जोडली. आपण त्यांचे कवी वाचले, त्यांचे पुढारी अभ्यासले. त्यांच्या मैदानांकडे मात्र फारसे पाहिले नाही. मला तिथल्या एका खेळाडूची कारकीर्द बाळूंशी फार जवळची वाटते.

अमेरिकन फुटबॉल हा पायाने नव्हे, मुख्यतः हाताने खेळायचा खेळ. चेंडू लांबट. मध्यभागी उभा असतो तो क्वार्टरबॅक. डाव कसा टाकायचा ते तो पुकारतो आणि चेंडू तोच फेकतो. मैदानाच्या कडेने जिवाच्या आकांताने धावत जाऊन, अंगावर येणाऱ्यांना चुकवून जो तो चेंडू झेलतो, तो वाईड रिसीव्हर. एकजण ठरवतो, दुसरा धावतो. १९७० च्या सुमारास तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की काळ्या खेळाडूंना संघात घेतात ते बहुतांशी धावण्याच्या, झेलण्याच्या, अडवण्याच्या जागांवर. विचार करण्याच्या आणि हुकूम देण्याच्या म्हणून ज्या मानल्या जातात त्या मधल्या जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवतात. श्रमांची नव्हे तर श्रमिकांची अशी विभागणी आपल्याकडे बाबासाहेबांनी कधीच उलगडून दाखवली होती.

वॉशिंग्टनच्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल हा कडवा वर्णद्वेष्टा. इतर सर्व संघांनी काळे खेळाडू घेतले, तरी याचा संघ १९६१ पर्यंत शुद्ध गोरा होता, आणि हरतही होता. त्या वर्षी चौदा सामन्यांत फक्त एक विजय. संघाचे नवे मैदान सरकारी जमिनीवर बांधलेले होते. केनेडी सरकारातले मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी बजावले की काळे खेळाडू घेणार नसाल तर हे मैदान मिळणार नाही. सार्वजनिक पैशाने बांधलेली जागा सर्वांना खुली हवी, हाच बोले ठरावाचा न्याय. बोल्यांच्या ठरावामागे मात्र असा दट्ट्या नव्हता.

मार्शल नमला. १९६२ मध्ये बॉबी मिचेल क्लीव्हलंडहून वॉशिंग्टनला आला, त्याच्याबरोबर आणखी काही काळे खेळाडूही. क्लीव्हलंडला तो चेंडू घेऊन धावणारा होता. इथे त्याला कडेला झेलणाऱ्याच्या जागी ठेवले. पहिल्याच सामन्यात त्याने ९२ यार्डांची धाव घेऊन गुण मिळवला. त्या मोसमात त्याने ७२ झेल घेतले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक; १३८४ यार्ड मिळवले. पुढच्या वर्षी १४३६. १९६८ पर्यंत तो खेळला, १९८३ मध्ये त्या खेळाच्या मानवंत खेळाडूंच्या दालनात त्याची निवड झाली. खेळ संपल्यावर तो त्याच संघाच्या कचेरीत काम करू लागला आणि सहाय्यक सरव्यवस्थापकाच्या पदापर्यंत चढला. सरव्यवस्थापक मात्र तो कधीच झाला नाही. २००३ मध्ये निवृत्त होताना ती सल त्याने बोलून दाखवली. चाळीस वर्षे एका संघाला दिली, शेवटची खुर्ची दुसऱ्यांची. पैंचे भाषण मला इथे आठवते.

त्याच वॉशिंग्टन संघाकडून डग विल्यम्स या काळ्या क्वार्टरबॅकने १९८८ च्या जानेवारीत अंतिम सामना जिंकला, तेव्हा मिचेलच्या आगमनाला सव्वीस वर्षे झाली होती. चेंडू झेलणाऱ्या हातापासून चेंडू फेकणाऱ्या हातापर्यंत सव्वीस वर्षे. बाळूंच्या मुंबईतल्या पहिल्या खेळापासून विठ्ठलच्या कर्णधारपदापर्यंत साधारण तेवढीच. मार्शलने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की आपल्या पैशातून वर्णमिश्रणाला हातभार लावणाऱ्या कोणत्याही कामाला काही देऊ नये. २०२० च्या एप्रिलमध्ये मिचेल वारला; जूनमध्ये मार्शलचा पुतळा मैदानासमोरून हलवला गेला.

माझे वडील कोयना प्रकल्पाच्या बोगद्यावर मजूर होते. सह्याद्रीच्या पोटातून पाणी आणणारा तो बोगदा कोणी खणला, आणि त्या पाण्यावर चालणाऱ्या वीजघराच्या फळीपुढे बटणावर हात ठेवून सुरुवातीच्या काळात कोण बसले, हे आमच्या वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही. शाळेच्या संघात असताना मीही डावभर गोलंदाजी करी आणि अकराव्या क्रमांकावर फलंदाजीला जाई. बहुधा तोवर डाव घोषित झालेला असे. माझी फलंदाजी खरोखर वाईट होती की ती कधी पाहिलीच गेली नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. असो.

आता सदतीस सालाकडे येतो. ते टाळून चालणार नाही.

१९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते, एम. सी. राजांच्या बरोबर. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. अंतर दोन हजारांचे. ही मते काँग्रेसची किती, आणि मैदानावर मिळवलेली किती, हे मोजायचे साधन नाही.

हा अपराध मी धुऊन काढणार नाही. पण तो कसा घडला हे पाहिले पाहिजे. ज्या माणसाला कुल्हडापासून पंगतीपर्यंत नेणारी वाट सवर्णांच्या संघातूनच गेली, त्याला वाटले की हीच वाट सर्वांची. गुण दाखवा, धीर धरा, हृदयपरिवर्तन होईल. स्वतःच्या आयुष्यातला अपवाद त्याने नियम समजला. आणि काँग्रेसने त्याचे काय केले? पुण्याच्या हिंदूंनी जे केले होते तेच. अवघड प्रतिपक्षापुढे गोलंदाज हवा होता; त्यांनी तो पुढे केला. कर्णधारपद काही देऊ केले नव्हते. एकसष्टाव्या वर्षी बाळूंच्या हाती पुन्हा चेंडूच दिला गेला, आणि समोर या वेळी आपलाच माणूस होता.

"तो चांभार" असे जे आमच्या सभेत म्हटले गेले त्याचाही संबंध इथेच आहे. महार आणि चांभार यांच्यातली दरी वापरूनच ती उमेदवारी आखली गेली. ती दरी सवर्णांनी सदतीस साली वापरली, हे आपल्याला टोचते. मग ती आपण आज मागच्या रांगेत बसून हळू आवाजात वापरायची? जयंतीच्या सभेत हे वाक्य उच्चारले गेले, आणि मी धरून कोणीही त्याला तिथेच उठून हरकत घेतली नाही.

आणखी एक गोष्ट, साहित्याच्या वाचकांसाठी. विठ्ठलने १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मवृत्त मराठीत प्रसिद्ध केले. दया पवारांचे 'बलुतं' आले ते १९७८ मध्ये. आपण दलित आत्मकथनाचा इतिहास सांगताना या पुस्तकाचे नाव सहसा घेत नाही. ते खेळाचे पुस्तक म्हणून वेगळ्या फळीवर पडले असावे. किंवा लिहिणारा आपल्या वाटेचा नव्हता म्हणून. अभ्यासकांनी ते शोधून वाचावे. त्यात विद्रोह किती आणि संयम किती ते ठरवावे. पण नोंद तरी करावी.

बाळू १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत वारले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा सव्वा वर्ष उरले होते.

आमच्या सभेत चषकाचा निर्णय झालेला नाही. मुलांनी मला विचारले, "सर, तुमचे मत काय?" मी म्हणालो, नाव द्यावे असे माझे मत आहे, पण चषकाखाली 'खेळाने जात मोडणारा' असे कोरायचे असेल तर माझा विरोध राहील. त्यावर एकाने विचारले की मग काय कोरायचे. मी सुचवले : नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, १७९ बळी, आणि खाली '१९२० चे पत्रक काढणारे शिवराम व विठ्ठल यांचे थोरले बंधू'. जुन्या कार्यकर्त्यांना हे लांबलचक वाटले. चषक विकणाऱ्या चिपळूणच्या दुकानदाराने अक्षरांमागे पैसे सांगितले आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे. हे टिपण मी तिथे वाचणार आहे.